पाक निवू दे

बाई, फळीवर तुमच्या अकरा बाटल्या होत्या आणि अकराही बाटल्यांच्या तोंडावर तुमचा अंगठा होता. मेण वितळवून बुचावर ओतायचं आणि ते घट्ट व्हायच्या आत अंगठ्यानं दाबायचं, ही तुमची पद्धत. तुमच्या अंगठ्यावर विळीनं कापल्याची तिरपी खूण होती, ती प्रत्येक मेणात उमटायची. दुकानातल्या बाटलीवर कंपनीचं नाव असतं, आपल्या घरच्या संत्र्याच्या शरबतावर तुमची ती तिरपी रेघ असायची. त्यातल्या दहा रेघा मी तुमच्या तेरवीच्या दिवशी सुरीच्या टोकानं उचकटून काढल्या. एक राहिली आहे.

आज सोळावा दिवस. पाहुणे गेले. तुमची मनीषा काल लेकीला घेऊन लोधीखेड्याला सासरी परतली. तुमचे मालक, म्हणजे माझे भासरे, ओसरीत खुर्ची टाकून बसतात आणि चहा दिला की 'ठेव तिथं' म्हणतात. तो तिथंच गार होतो. मी स्वयंपाकघरात बसून तुम्हाला हे लिहिते आहे, कारण बोलायची सोय राहिली नाही आणि बारा वर्षं न सांगितलेली एक गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे. तुम्ही म्हणाल, 'आता काहून सांगून राहिली वं?' म्हणा. बावीस वर्षं धाकटी जाऊ म्हणून मी तुमचं ऐकलं, आता एकदा तुम्ही माझं ऐका.

तसं तुम्ही गेलात असं मला अजून वाटतच नाही, आणि हे मी रडून म्हणत नाही, वैतागून म्हणते आहे. रस गाळायचं मलमलचं फडकं मी तीनदा धुतलं, कडक उन्हात वाळवलं, तरी हातात घेतलं की संत्र्याच्या सालीचा वास येतो. चैत्र लागला. मृगाच्या बहाराची फळं महिन्यापूर्वीच झाडावरून उतरली, सगळ्या पांढुर्ण्यात आता एक ताजं संत्रं मिळायचं नाही. मग हा वास कुठून येतो? पाक निवायला ठेवताना तुम्ही कढईवर झाकण पूर्ण लावत नव्हतात, वाफेचं पाणी पाकात पडू नये म्हणून दोन बोटं उघडं ठेवायचात. आता मी दुपारी भाजीच्या कढईवर झाकण नीट लावून जाते आणि परत येते तो दोन बोटं उघडं. पहिल्या दिवशी म्हटलं, मांजर असेल. आपल्याकडे मांजर येत नाही, तुम्हीच येऊ दिलं नाहीत कधी. भासऱ्यांना विचारावं म्हटलं, पण ते स्वयंपाकघरात पाऊलच टाकत नाहीत.

आणि तो आवाज. तेरवीच्या आदल्या दिवशी आचारी बुंदीचा पाक करत होता, मागच्या अंगणात. मी तिथून ताटं घेऊन चालले होते. पाठीमागून अगदी स्पष्ट ऐकू आलं, 'मळी काढ त्याची.' मी वळून आचाऱ्याला म्हटलं, पाकावरची मळी काढा. तो म्हणाला, आत्ता काढणारच होतो बाई, तुमाले कसं समजलं? 

सौंसरहून लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, शरबताला काय लागतं. माहेरी आम्ही संत्री सोलायचो, मीठ लावून खायचो आणि साली गाईपुढे टाकायचो. पहिल्याच माघात तुमच्या भावानं तिगावहून दोन पेट्या चुरी पाठवली, व्यापारी घेत नाहीत ती बारकी फळं, आणि तुम्ही मला समोर बसवलंत. फोडीची साल सोडवायची, बी काढायची, पांढरी शीर काढायची, मग गर फडक्यात घालून नुसता दाबायचा. मला दम नव्हता, मी फडकं पिळलं. तुम्ही ते माझ्या हातातून काढून घेतलंत.

"पिळू नोको वं. कपडे धुवून राहिली काय?"

"रस निघत नाही ना, बाई."

"जेवढा निघते तेवढा आपला. बाकीचा त्याचा त्याले राहू दे."

सासरी आल्यापासून मला कोणी काही समजावून सांगितलं नव्हतं, फक्त सांगितलं होतं. तुम्ही समजावलंत. म्हणून तर तुमचा रागही फार यायचा. ज्याच्याकडून शिकतो त्याच्यापुढे आपण कायम शिकाऊच राहतो, आणि मला लवकर मोठं व्हायचं होतं.

संत्र्याचा रस दगाबाज असतो हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मी हसले होते. काढल्याबरोबर चाखला की गोड लागतो. काही वेळानं, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, जिभेच्या मागच्या अंगाला कडू लागायला लागतो. बी रगडली गेली, शीर राहिली, नाही तर रसाला आच लागली, की हे होतं. तुम्ही त्याला 'मांगकडू' म्हणायचात, मागून कडू होणारं. हा शब्द मी दुसऱ्या कोणाच्या तोंडी ऐकला नाही, बहुतेक तुमचाच असावा. तुम्ही तो माणसांनाही लावायचात. आपल्यासमोर गोड बोलून चौकात निंदा करणारी समोरच्या घरची म्हातारी मांगकडू. लग्नात नाचलेला आणि नंतर भावाच्या वाटणीवरून कोर्टात गेलेला तुमचा चुलतभाऊ मांगकडू. मी त्या यादीत आहे का, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही.

म्हणून तुमचा नियम होता. साखरेचा पाक वेगळा करायचा, लिंबूसत टाकायचं, मळी काढायची, उतरवायचा, आणि तो हाताला थंड लागला की मगच त्यात रस. 'पाक निवू दे.' तुम्ही हे इतक्या वेळा म्हणायचात की ते शरबतापुरतं राहिलंच नाही. भासरे कोणावर तणतणत घरात आले की त्यांना पाणी देऊन तुम्ही मला डोळ्यांनी खुणवायचात, पाक निवू दे, मग बोलू. मी आणि हे भांडून दोन दिवस अबोला धरून बसलो होतो तेव्हाही तुम्ही एवढंच म्हणालात आणि भाजी निवडायला बसलात.

रंगावरून आपलं भांडण तर मिटलंच नाही. मी म्हणायचे, चिमूटभर केशरी रंग टाकू, पाहुण्यांना बघायला बरं वाटतं. तुम्ही म्हणायचात, "संत्र्याले रंग कशाले पायजे? तुले पावडर पायजे असन तं सांग, तुले लावून देतो." या वर्षीही झालंच हे. मी अजून म्हणते की थोडा रंग चालला असता. आता उत्तर द्यायला कोणी नाही, तर जिंकल्यासारखंही वाटत नाही.

आता ती गोष्ट.

मनीषाचं साक्षगंध ठरलं होतं. लोधीखेड्याची मंडळी चार दिवसांनी येणार होती. तुम्ही पहिली पत्रिका मारुतीपुढे ठेवायला सकाळच्या गाडीनं जामसांवलीला निघालात. पदर खोचत मला म्हणालात, "रस गाळून ठेव, पाक करून ठेव. रस मी आल्यावर टाकू. निवू दे." माझ्या लग्नाला दहा वर्षं झाली होती, बाई. दहा वर्षं मी बिया काढत होते, शिरा काढत होते, फडकं दाबत होते, आणि रस पाकात टाकायचा हात अजून तुमचाच. समोरच्या घरची म्हातारी ओट्यावर बसली होती, तिनं ऐकलं. म्हणाली, "दहा वर्षं झाले तरी जाऊबाईच्या हाताखालीच हाय का वं?" आणि मला ते लागलं.

पाक उतरवला तेव्हा बारा वाजले असतील. मी तासभर थांबले. झाकण दोन बोटं उघडं ठेवून थांबले. बोट टेकवलं, चटका बसला. आणखी थोडं थांबले. मग मनात आलं की तुम्ही यायच्या आत सगळं भरून, मेण लावून ओळीनं मांडून ठेवलं, तर तुमचा चेहरा कसा होईल. मी रस ओतला. वाफ आली. मी ढवळलं आणि चाखलं, आणि ते इतकं गोड होतं की मी एकटीच हसले. आठ बाटल्या भरल्या. मेण ओतलं आणि माझा अंगठा दाबला. माझ्या अंगठ्याला खूण नाही, साधा गुळगुळीत ठसा उमटला. मला तो फार आवडला.

तीनच्या सुमाराला तुम्ही आलात. कपाळाला शेंदूर, हातात नारळाचा प्रसाद. दारातूनच बाटल्या पाहिल्यात.

"झालं बी?"

"झालं," मी म्हटलं. "निवल्यावरच टाकला."

तुम्ही प्रसाद ठेवलात, पुढे आलात आणि एक बाटली उचललीत. दोन्ही तळव्यांमध्ये धरलीत. थोडा वेळ तशाच उभ्या राहिलात, मग बाटली जागेवर ठेवलीत. "बरं केलं," म्हणालात आणि पाय धुवायला न्हाणीत गेलात.

बारा वर्षं मी ते उभं राहणं डोळ्यांसमोर आणते आहे. कधी वाटतं, तुम्ही अर्धा क्षण उभ्या होतात. कधी वाटतं, खूप वेळ. बाटली अजून गरम होती. ती तुमच्या हाताला लागली की नाही, एवढंच मला कळत नव्हतं. आणि हे विचारायचं तर आधी माझं सांगावं लागलं असतं.

साक्षगंधाच्या दिवशी ओसरी भरली होती. मनीषा आतल्या खोलीत साडीच्या निऱ्या सावरत होती. मी तबक घेऊन गेले, पहिला ग्लास विहीणबाईंना दिला. त्यांनी घोट घेतला, थांबल्या, तोंड एका बाजूला केलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "इहीनबाई, शरबतात निंबाचा पाला टाकला काय?"

लोक हसले. मी तबक धरून उभी होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत का, मला आठवत नाही. मी तुमच्याकडे पाहत नव्हते. तुम्ही उठलात, विहीणबाईंच्या हातचा ग्लास घेतलात आणि म्हणालात, "माझ्या हातची चूक झाली बाप्पा. बी रगडल्या गेली असन." आणि चहा टाकायला आत आलात. मी तुमच्या मागे आले. तुम्ही आधण ठेवलंत, आलं ठेचलंत. मी तेव्हा सांगायला हवं होतं. मी कपबशा पुसल्या.

साक्षगंध झालं, लग्नही झालं, मनीषा सुखात आहे. त्या शरबतानं काही मोडलं नाही असंच सगळे म्हणतात. पण तुम्हाला ठाऊक आहे काय झालं ते. लोधीखेड्यात तुमचं नाव पडलं, कडू हाताची विहीण. गमतीनंच म्हणायचे ते, मनात काही नसायचं. पण मनीषा बाळंत झाली तेव्हा तुम्ही डिंकाचे लाडू घेऊन गेलात, आणि विहीणबाईंनी हसत हसत डबा फळीवर ठेवून दिला. "तुमचा हात कडू हाय बाप्पा, तुमी बसा, आमी करतो." तुम्ही सव्वा महिना लेकीजवळ राहिलात आणि तिच्या चुलीपाशी तुम्हाला कोणी जाऊ दिलं नाही. परत आल्यावर तुम्हीच मला सांगितलंत, हसून. म्हणालात, "आराम झाला मस्त. हात मांडीवर ठेवून बसली होती." तुमचे हात मांडीवर कसे दिसत असतील ते मला कल्पनेतसुद्धा बघवत नाही. एरवी बोलता बोलतासुद्धा तुम्ही शेंगा फोडायचात.

आणि मी काय केलं? मीच बियांची गंमत लावून धरली. दर वर्षी फळं आली की मी सगळ्यांसमोर म्हणायचे, "बिया पाहून काढा हो बाई, नाही तर पुन्हा निंबाचा पाला." खोटं मुरायला वेळ लागतो आणि मी त्याला दर वर्षी पाणी घातलं. तुम्ही म्हणायचात, "माझे डोये शाबूत हाय अजून." मी म्हणायचे, "मग बिया कोणी रगडल्या?" तुम्ही म्हणायचात, "तूच असशीन." आणि आपण दोघी हसायचो. एखाद्या वेळी तर खरंच चिडून भांडलो. बियांवरून! त्या दिवशी एकही बी रगडली गेली नव्हती, मी स्वतः काढल्या होत्या सगळ्या.

एक गोष्ट मला तेव्हा कळायला हवी होती. शेजारच्या कोणाचं शरबत बिघडलं की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला, 'पाक निवला होता काय?' मला तुम्ही तो बारा वर्षांत एकदाही विचारला नाहीत.

मग तुम्हाला साखर झाली आणि डॉक्टरांनी गोड बंद केलं. शरबत तुम्ही करायचात आणि चाखायचं काम माझ्याकडे आलं. ते मला फार जड जायचं, बाई. तुम्ही चमच्यात दोन थेंब घेऊन माझ्यापुढे धरायचात आणि मी गिळेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहायचात.

"कडू तं नाही ना?"

"नाही."

"पक्कं?"

"पक्कं, बाई."

दर माघात हेच. मला वाटायचं तुम्ही शरबताबद्दल विचारता आहात. मग वाटायला लागलं की नाही. मग वाटलं, माझ्याच मनात चोर आहे, म्हणून असं वाटतं. चमचा तुमच्या हातात, तुमचे डोळे माझ्यावर, आणि माझ्या तोंडात गोड. गेल्या पंधरा दिवसांत मला सगळ्यात जास्त तेच दिसतं. ताटावर बसले, घास उचलला, की समोर तुम्ही चमचा धरून बसलेल्या.

या वर्षी तुम्हाला धाप लागत होती. तुम्ही स्टुलावर बसलात आणि सगळं माझ्याकडून करून घेतलंत. पाक मी केला, निववला मी, आणि रस टाकताना तुम्ही पहिल्यांदाच म्हणालात, "तू टाक. बोट टेकवून पाह्य अन् टाक." बावीस वर्षांनी. मी बोट टेकवलं. थंड होता. मी रस टाकला. मेण मात्र तुम्हीच दाबलंत, अकरा वेळा, मध्ये मध्ये थांबून श्वास घेत. शेवटची बाटली झाल्यावर म्हणालात, "पुढच्या वर्षी मेण तू दाबजो."

"तुमचा अंगठा कुठं चालला?" मी म्हटलं.

तुम्ही हसलात. फळीला पाठ टेकून तुम्ही बसला होतात, दुपारचं ऊन खिडकीतून तुमच्या पायावर आलं होतं, घरात कोणी नव्हतं. याहून चांगली वेळ कोणती असणार होती? मी म्हटलं, "बाई, एक सांगू?"

"सांग."

तुम्ही अशा बघत होतात की जणू तुम्हाला कुठे जायचं नाही आणि कसलीच घाई नाही. मी म्हटलं, "मेण जास्त झालं या वेळी."

"हो," तुम्ही म्हणालात. "ठेवून दे. पुढं कामात येईन."

त्यानंतर तीन आठवड्यांत तुम्ही गेलात.

सुतकात गोड चालत नाही म्हणून बाटल्या फळीवरच राहिल्या. लोक भर उन्हात भेटायला येत होते, तिगावहून, सौंसरहून, आणि मी त्यांना नुसतं माठातलं पाणी देत होते. बाटल्या वरून बघत होत्या. तेरवीला गोडाचं जेवण झालं आणि भासरे पहिल्यांदा स्वयंपाकघराच्या दाराशी आले. म्हणाले, "तिच्या हातचं शरबत हाय नं? लोकायले पाजा." मी सुरी घेतली. पहिलं मेण निघेना. तुमच्या त्या तिरप्या रेघेतच सुरीचं टोक घालावं लागलं.

विहीणबाई ओसरीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. आता त्याही थकल्या आहेत. ग्लास हातात घेतला, तुमच्या फोटोकडे पाहिलं, डोळे पुसले, आणि अगदी प्रेमानं म्हणाल्या, "हात कडू होता बिचारीचा, पण मन लय गोड होतं." बाजूच्या बायांनी माना हलवल्या. हो, मन गोड होतं. कोणी तरी ते पुन्हा म्हणालं. मला दिसलं की आता हे असंच राहणार. तुमची नात मोठी होईल तेव्हा तिलाही हेच सांगतील, तुझी आजी मनानं गोड, पण हात कडू.

"बाईंचा हात कडू नव्हता," मी म्हटलं.  "साक्षगंधाचं शरबत मी केलं होतं. बाई जामसांवलीले गेल्या होत्या. पाक गरम होता, मी त्यात रस टाकला अन् त्यायले खोटं सांगितलं."

 आमचे हे माझ्याकडे बघत राहिले. विहीणबाई म्हणाल्या, "आता काहून सांगून राहिली वं? ते तं गेली." तुमचंच वाक्य, बाई, शब्द न् शब्द. मग त्यांनी ग्लास तोंडाला लावला, सावकाश पिऊन रिकामा केला आणि माझ्यापुढे धरला. "अजून हाय काय थोडकसं?" मी भरून दिला. तोही त्यांनी संपवला.

मी आत आले तशी मनीषा माझ्या मागे आली. तिनं दार ओढून घेतलं.

"काकू, खोटं काहून बोलली?"

"खोटं नाही बेटा."

"आईनं सांगितलं होतं मले. माझी पोरगी झाली तवा. म्हणे, तुया साक्षगंधाचं शरबत मीच बिघडवलं, घाई झाली, पाक निवू दिला नाही अन् रस टाकला. तू तसं नोको करू कधी." तिनं आवाज खाली आणला. "अन् म्हणे, काकूपाशी हा विषय कधी काढू नोको."

 सगळ्या घरात, सगळ्या लोधीखेड्यात, बारा वर्षं फक्त बियांचं बोलणं होतं. गरम पाक हा शब्द तेरवीच्या त्या दुपारपर्यंत माझ्या तोंडून कधी निघाला नव्हता, आणि दुसऱ्या कोणाला तो माहीत असायचं कारण नव्हतं. तुम्ही तर त्या वेळी मारुतीपुढे उभ्या होतात. तुम्हाला कळायला एकच जागा होती, ती बाटली, तुमच्या दोन तळव्यांतली.

म्हणजे तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं. मी 'निवल्यावरच टाकला' म्हणाले ते माझे शब्द तुमच्या कानात होते आणि गरम काच हातात होती, आणि तुम्ही 'बरं केलं' म्हणालात. बाई, मला तुमचा राग येतो. इतका राग मला तुमचा जिवंतपणी आला नाही. ओतून का नाही दिलंत? मला का नाही विचारलंत? तुमच्या लेकीचं साक्षगंध होतं. घर पाहुण्यांनी भरायला लागलं होतं, बाटल्या ओतल्या असत्या तर सगळ्यांनी का म्हणून विचारलं असतं, आणि मी खोटी ठरले असते, हेच ना? की तुम्हाला वाटलं, एखाद्या वेळी नाहीही होत कडू, सगळाच रस काही मांगकडू होत नाही? हे मला आता कोण सांगणार? आणि मग माझ्याशी बियांवरून भांडत राहिलात, दर वर्षी, इतक्या खऱ्या आवाजात. मी लपत होते आणि आडोसा तुम्ही धरला होता. हात भरून आले असतील तुमचे.

दर माघात तुम्ही चमचा धरून विचारत होतात, कडू तं नाही ना. तुम्ही थांबला होतात. माझा पाक निवायची वाट बघत होतात. तो निवायला बारा वर्षं आणि वर तेरा दिवस लागले, त्याला मी काय करू.

फडक्याचा वास आजही येतो आहे. मी ते आता धुणार नाही. कढईवरचं झाकण मीच दोन बोटं उघडं ठेवते, तुम्हाला कशाला त्रास. पुढच्या माघात तुमच्या भावाला चुरी पाठवायला सांगेन, उरलेलं मेण डब्यात आहेच. पहिल्या चार बाटल्या लोधीखेड्याला पाठवीन. रंग टाकणार नाही.

तुमची ती एक बाटली मी मघाशी फळीवरून खाली काढली. फोडायची नाही. मेणावरच्या तिरप्या रेघेवर माझा अंगठा ठेवून पाहिला, बसत नाही. तुमचा मोठा होता. मग तुम्ही धरली होती तशी ती दोन्ही तळव्यांत धरली आणि तुम्ही उभ्या होतात तिथंच, तेवढाच वेळ उभी राहिले.

थंड आहे, बाई.